भाड्याच्या संगणकाचा पहिला रहिवासी

घर भाड्याने घेतले की मालक किल्ली हातात देतो. भाडेकरू सावध असेल तर पहिल्याच दिवशी कुलूप बदलतो. बाकीचे तेवढा विचार करत नाहीत आणि बहुधा काही बिघडतही नाही. आता अशी कल्पना करा, की घर दूरच्या गावी आहे, आपण ते पाहिलेले नाही, मालकाला भेटण्याचा प्रश्नच नाही, आणि तसलीच हुबेहूब घरे तो रोज हजारोंनी उभी करतो आहे. सगळ्यांच्या दारांना कुलूप कोणते घालावे? किल्ली कोणी कोणाला, कशी द्यावी? आणि दारावर पाटी कोणाच्या नावाची लावावी?

संगणकांच्या जगात हा प्रश्न खराखुरा आहे. आज एखादे संकेतस्थळ सुरू करायचे तर सहसा कोणी संगणक विकत आणून टेबलावर ठेवत नाही. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल यांसारख्या कंपन्यांकडून तो तासाच्या दराने भाड्याने घेतात. अ‍ॅमेझॉनने ही सेवा २००६ साली सुरू केली. तिची यंत्रे २०१६ पासून मुंबई भागातही आहेत. मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुण्यात आहेत. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणजे ढग असे नाव पडले आहे. नाव जरा दिशाभूल करणारे आहे, कारण ढगात काही नसते. सगळे जमिनीवरच्या एका मोठ्या, थंड केलेल्या इमारतीत असते. मागणी नोंदवल्यावर मिनिटाभरात आपला संगणक सुरू होतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. दुरून तारेवरूनच त्याच्याशी बोलायचे. पण बोलायचे तर आधी 'मी अमुक' असे सांगून आत शिरावे लागते, म्हणजे त्या संगणकावर कोणाचे तरी खाते आधीपासून असायला हवे. नुकत्याच जन्मलेल्या यंत्रावर हे पहिले खाते कोणाचे असावे आणि ते कसे उघडावे, एवढाच आमच्या लेखाचा विषय आहे. तो दिसतो तितका किरकोळ नाही.

साचा आणि आखणी

भाड्याच्या या संगणकांवर फार मोठ्या प्रमाणावर लिनक्स ही कार्यप्रणाली असते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ती नव्याने बसवत बसले तर वेळ फार जाईल. म्हणून ती एकदाच नीट बसवतात, आणि त्या संपूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवतात. या प्रतीला 'इमेज' म्हणतात. आम्ही तिला साचा म्हणू. पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून गणपतीच्या शेकडो मूर्ती निघतात, तसे एका साच्यातून हवे तितके संगणक काढता येतात. साच्यात एखादी खोक राहिली तर ती प्रत्येक मूर्तीत उतरते. मात्र मूर्तीच्या डोळ्यांची आखणी साच्यात होत नाही. ती मूर्ती बाहेर आल्यावर एकेकीवर हाताने करावी लागते. जे साच्यात आहे ते सर्वांचे सारखे, आणि आखणी ज्याची त्याची वेगळी. वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा. पुढचे बहुतेक सगळे त्यावर उभे आहे.

लिनक्स १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने सुरू केली, पण तिची घडण युनिक्सवरून घेतलेली आहे. युनिक्सचा जन्म १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. तेव्हा संगणक एक आणि वापरणारे अनेक अशी स्थिती होती. प्रत्येकाचे खाते वेगळे, एकाच्या फायली दुसऱ्याला हात लावता येऊ नयेत अशी व्यवस्था, आणि या सगळ्यांवर एक कारभारी. या कारभाऱ्याच्या खात्याचे नाव 'रूट'. त्याला कोणतीही फाईल वाचता येते, पुसता येते, कोणाचेही खाते उघडता वा बंद करता येते.

येथे एक गंमत सांगायला हवी. खात्याचे नाव हे माणसांच्या सोयीसाठी असते. यंत्राला त्याच्याशी कर्तव्य नाही. प्रत्येक खात्याला एक क्रमांक असतो आणि कार्यप्रणालीचा गाभा तेवढाच पाहतो. रूटचा क्रमांक ०. शून्य क्रमांकाच्या खात्याला आपण 'बाळू' असे नाव दिले तरी बाळू सर्वाधिकारी होईल, आणि 'रूट' नावाच्या खात्याला १५०० क्रमांक दिला तर तो इतरांसारखाच एक सामान्य रहिवासी ठरेल. शाळेतही हजेरीपटावरचा क्रमांक आणि विद्यार्थ्याचे नाव यांत असाच फरक असतो. फायलींवरही मालकाचे नाव नसते, क्रमांक असतो. बहुतेक लिनक्स प्रकारांत पहिल्या सामान्य खात्याला १००० क्रमांक मिळतो. त्यामुळे एका संगणकाची डिस्क काढून दुसऱ्याला जोडली, तर पहिल्यावर 'उबुंटू' नावाच्या खात्याच्या असलेल्या फायली दुसऱ्यावर 'डेबियन'च्या दिसू लागतात. काही चोरी झालेली नसते. फक्त १००० क्रमांकावर त्या गावी दुसरे कोणी राहत असते.

साच्यात रूट हे खाते असतेच, ते काढता येत नाही. मग सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला एक परवलीचा शब्द देऊन टाकावा आणि तो गिऱ्हाइकाला कळवावा. 'आत गेल्यावर बदला' असेही बजावावे. हा उपाय पुष्कळांनी करून पाहिला आहे.

'बदला' असे सांगून काय होते

क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकांची देखभाल करत होता. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आली. तिचा माग काढता काढता त्याला आढळले, की कोणी परका माणूस आत शिरतो आहे, आणि येथून पुढे लष्कराशी संबंधित अनेक संगणकांची दारे ठोठावतो आहे. तो पश्चिम जर्मनीतून येत होता. स्टोलने ही हकिकत १९८९ साली 'द ककूज एग' या पुस्तकात सविस्तर लिहिली. तिच्यातली आम्हांला येथे हवी असलेली गोष्ट ही, की ठोठावलेल्या दारांपैकी काही अगदी साध्या युक्तीने उघडली. त्या काळच्या 'व्हॅक्स' संगणकांवर काही खाती कारखान्यातूनच येत. 'सिस्टिम' या खात्याचा परवलीचा शब्द 'मॅनेजर'. दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञासाठी 'फील्ड', त्याचा शब्द 'सर्व्हिस'. संगणक ताब्यात घेणाऱ्याने ते बदलावेत अशी अपेक्षा होती. सगळ्यांनी ते बदलले नव्हते.

तीस वर्षांनी, २०१६ साली, हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. 'मिराय' नावाची एक आज्ञावली महाजालावर आपोआप पसरत गेली. तिच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नावांच्या आणि परवलीच्या शब्दांच्या साठेक जोड्यांची यादी होती, बस्स. घरगुती कॅमेरे, चित्रफिती साठवणारी यंत्रे, राउटर अशा लाखो वस्तूंवर तिने त्या जोड्या लावून पाहिल्या आणि ज्या उघडल्या त्यांना आपल्या फौजेत ओढले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतील 'डिन' या कंपनीवर एकदम गर्दी केली. संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देण्याचे काम ही कंपनी करत असे. परिणामी अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. यातल्या काही वस्तूंची रचना अशी होती, की मालकाच्या मनात असते तरी त्याला आतला परवलीचा शब्द बदलता आला नसता.

त्यामुळे 'बदला' हा शब्द सूचनापुस्तिकेत छापून जबाबदारी संपत नाही, हे हळूहळू सर्वांना पटत गेले. शाळांच्या प्रयोगांत वापरला जाणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक काहींनी हाताळला असेल. त्यावर वर्षानुवर्षे 'पाय' हे खाते आणि 'रास्पबेरी' हा शब्द येत असे. एप्रिल २०२२ मध्ये ते खाते काढून टाकले गेले आणि पहिल्यांदा सुरू करताना वापरणाऱ्यानेच नाव व शब्द ठरवावा असे झाले. कॅलिफोर्नियाने २०२० पासून, तर ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून, महाजालाला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंवर सर्वांना सारखा परवलीचा शब्द ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली.

भाड्याच्या संगणकांच्या बाबतीत तर सूचना पाळण्याइतकाही अवधी नसतो. नवा संगणक महाजालावर उघडा झाला, की काही मिनिटांतच अनोळखी ठिकाणांहून दार ठोठावणे सुरू होते. कोणी माणूस तेथे बसलेला नसतो. सगळे पत्ते ओळीने चाचपणाऱ्या आज्ञावल्या अहोरात्र चालू असतात. गिऱ्हाईक चहा घेऊन परत येईपर्यंत त्या येऊन गेलेल्या असतात.

गुपित साच्यात ठेवायचे नाही

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. जे गुपित आहे ते साच्यात असूच नये; ते आखणीच्या वेळी, एकेका यंत्राला वेगळे द्यावे.

हे कसे करतात ते पाहू. दुरून संगणकात शिरण्यासाठी 'एसएसएच' नावाची पद्धत वापरतात. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात तारेवरून जाणारे परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील टाटू युलेनेन याने १९९५ साली ती तयार केली. (लिनक्सचे गावही हेलसिंकीच, हा योगायोग.) या पद्धतीत परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. जोडीतला एक भाग जाहीर असतो, दुसरा खाजगी. जाहीर भाग हे जणू कुलूप. ते कोणालाही दिले तरी बिघडत नाही, कारण कुलूप पाहून किल्ली बनवता येत नाही; निदान ज्ञात गणिताने तरी व्यवहारात शक्य होत नाही. गिऱ्हाईक आपल्या टेबलावरच्या संगणकात ही जोडी तयार करते, खाजगी भाग स्वतःजवळ ठेवते आणि फक्त कुलूप मालकाकडे पाठवते.

आता साच्यातून नवे यंत्र बाहेर येते. त्याच्यात 'क्लाउड-इनिट' नावाची एक छोटी आज्ञावली आधीच ठेवलेली असते. यंत्र पहिल्यांदा जागे होताच ती १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारणा करते. हा पत्ता बाहेरच्या महाजालावर पोचतच नाही. मालकाच्या इमारतीतच त्याला उत्तर मिळते. 'माझे गिऱ्हाईक कोण, त्याचे कुलूप कोणते?' एवढेच विचारायचे. कुलूप मिळाले की ती पहिले खाते उघडते आणि त्याच्या दाराला ते कुलूप लावते. पहिल्या खात्याचे नाव साच्यात लिहिलेले असते, कुलूप मात्र साच्याबाहेरून येते.

या खात्याला परवलीचा शब्द दिला जात नाही. येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबू. शब्द नसणे दोन प्रकारचे असते. एक, रिकामा शब्द: काहीही न टाइप करता एंटर दाबले की आत. हे भयंकरच. दुसरे, बंद केलेला शब्द. लिनक्स आपला शब्द जसाच्या तसा साठवत नाही, तर त्याचे गणिती रूपांतर करून जे लांबलचक चिन्ह-कडबोळे तयार होते ते साठवते. त्या जागी केवळ एक उद्गारचिन्ह लिहून ठेवले, तर जगातल्या कोणत्याही शब्दाचे रूपांतर त्याच्याशी जुळत नाही. त्यामुळे शब्दाचा रस्ता सर्वांनाच बंद होतो, खऱ्या मालकालासुद्धा.

याची किंमत आहे, ती लपवू नये. खाजगी किल्ली हरवली तर आपणही बाहेरच. मग ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणे, तेथून नवे कुलूप लिहिणे अशी खटपट करावी लागते. शाळेतल्या एकाच शिक्षकाच्या लॅपटॉपवर ती किल्ली असेल आणि त्याची बदली झाली, तर काय होईल याचा विचार आधीच केलेला बरा.

पद्धत चांगली असली तरी हात चुकतात. कंपन्यांखेरीज सामान्य वापरणारेही स्वतः साचे बनवून इतरांसाठी ठेवतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅमेझॉनवरचे असे पाच हजारांहून अधिक जाहीर साचे तपासले गेले. अनेकांत साचा बनवणाऱ्याचे स्वतःचे कुलूप दाराला तसेच राहिलेले होते. म्हणजे तो साचा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरात त्याला खुशाल शिरता आले असते, त्याची तशी इच्छा असो वा नसो. काहींत तर त्याच्या खाजगी किल्ल्याही विसरून राहिल्या होत्या. त्याआधी, मे २००८ मध्ये, डेबियन या लिनक्स प्रकारातला एक दोष उघडकीस आला. सप्टेंबर २००६ पासून त्यावर बनलेल्या किल्ल्या वरवर प्रत्येकाच्या वेगळ्या दिसत. पण यादृच्छिकता पुरवणाऱ्या आज्ञावलीतल्या दोन ओळी गळल्यामुळे एका लांबीच्या एका जातीच्या किल्ल्या उण्यापुऱ्या ३२,७६८ प्रकारच्याच होऊ शकत होत्या. सगळ्या आधीच बनवून एका यादीत ठेवता येतील इतक्या थोड्या. आखणी हाताने व्हायला हवी होती, ती झाली एका छोट्या साच्यानेच.

पाटीवर नाव कोणाचे

आता नावाकडे वळू. साच्यात नाव लिहिलेले असते म्हणजे ते सर्वांना माहीत असते. मग नाव तरी गुप्त ठेवावे का? पुष्कळांना तसे वाटते. याचे उत्तर आकड्यांत पाहणे चांगले.

इंग्रजी छोट्या लिपीतल्या आठ अक्षरांचा शब्द घ्या. असे शब्द २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी होतात. दर सेकंदाला हजार शब्द लावून पाहणाऱ्याला ते सगळे संपवायला साडेसहा वर्षे लागतील. नाव माहीत नाही, पण शंभरांपैकी एक आहे एवढे माहीत आहे, असे धरले तर काम शंभरपट होईल. हा फायदा नगण्य नाही, पण शब्दात आणखी दोन अक्षरे वाढवली तर काम ६७६ पट होते. नाव लपवण्यापेक्षा ते सोपे. शिवाय खरी माणसे यदृच्छया अक्षरे निवडत नाहीत, ती 'वेलकम' आणि '१२३४५६' निवडतात. किल्लीच्या बाबतीत तर नाव लपवण्याला अर्थच उरत नाही. आजच्या नेहमीच्या किल्लीचे बळ २ च्या १२८ व्या घाताएवढे धरतात. ती संख्या ३९ अंकी आहे. त्याला शंभराने गुणले काय किंवा न गुणले काय! ऑगस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनाविषयी मांडलेले तत्त्व हेच: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुपित फक्त किल्लीत असावे.

म्हणून नाव जाहीर असले तरी चालते. पण कोणतेही नाव चालते असे मात्र नाही. वेगवेगळ्यांनी येथे वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. काही कंपन्या, उदा. डिजिटल ओशन, गिऱ्हाइकाला सरळ रूट म्हणूनच आत घेतात. अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या लिनक्सवर 'ईसी२-यूजर' असे नाव असते. ईसी२ हे त्या सेवेचे नाव. ओरॅकलच्या क्लाउडवर 'ओपीसी'. याउलट उबुंटूच्या साच्यांत सर्वत्र 'उबुंटू' हेच नाव. फेडोरा या प्रकाराने आरंभी 'ईसी२-यूजर' ठेवले होते, नंतर 'फेडोरा' केले.

आम्हांला फेडोराचा हा बदल योग्य वाटतो. साचा एकाच दुकानासाठी नसतो. तोच आपल्या शाळेतल्या यंत्रावरही चालवता येतो, आणि तेथे एका परदेशी कंपनीच्या सेवेचे नाव दारावर दिसणे विचित्रच. उलट बाजूचा युक्तिवादही खोटा नाही. ज्याला एकाच दुकानातून दहा प्रकारचे लिनक्स भाड्याने घ्यायचे आहेत, त्याला दहा नावे लक्षात ठेवावी लागतात. चुकीच्या नावाने दार ठोठावले तर 'परवानगी नाही' एवढेच उत्तर येते. किल्ली चुकली की नाव चुकले हे यंत्र सांगत नाही, आणि सांगूही नये. या एका कारणाने नवशिक्यांचे किती तास वाया गेले असतील त्याची गणती नाही. क्लाउड-इनिटने त्यावर एक भला उपाय केला आहे. कोणी रूट म्हणून योग्य किल्ली घेऊन आला, तर त्याला 'रूटऐवजी अमुक नावाने या' असा निरोप दाखवून दहा सेकंदांनी निरोप देतात.

नावाच्या निवडीत काही खड्डे आहेत. 'मेल', 'गेम्स', 'बिन', 'डीमन' अशी नावे लिनक्सने आधीच स्वतःच्या कामांसाठी घेतलेली असतात. ती घेतली तर टक्कर होते. 'अ‍ॅडमिन' हे नाव सर्वांना पहिल्यांदा सुचते, आणि अ‍ॅमेझॉनवरच्या डेबियन साच्यांत ते आहेही. पण हेच नाव उबुंटूवर घेऊन पाहा. उबुंटूत पूर्वी 'अ‍ॅडमिन' नावाचा एक गट असे आणि त्यातल्या खात्यांना कारभाऱ्याचे अधिकार मिळत. २०१२ पासून त्या गटाची जागा दुसऱ्या नावाच्या गटाने घेतली, परंतु जुन्या संगणकांची अडचण होऊ नये म्हणून अधिकारांच्या यादीतली ती ओळ नंतरच्या आवृत्त्यांतही ठेवली गेली. आता कोणी साधे खाते म्हणून 'अ‍ॅडमिन' उघडले, की त्याच नावाचा गट आपोआप तयार होतो, जुनी ओळ त्याला लागू पडते आणि साध्या खात्याला न मागता मोठे अधिकार मिळतात. ज्याने खाते उघडले त्याला याचा पत्ताही नसतो.

मायक्रोसॉफ्टने तिसरीच वाट धरली आहे. तेथे संगणक घेतानाच गिऱ्हाइकाने नाव ठरवायचे असते, आणि काही नावे सरळ नाकारली जातात. त्या नाकारलेल्या यादीत 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'गेस्ट', 'टेस्ट' आहेत हे ओघानेच आले. पण 'जॉन' आणि 'डेव्हिड' हेही आहेत! हल्ला करणारे जी नावे आधी लावून पाहतात त्यांत ती असावीत असा तर्क करता येतो. बिचाऱ्या खऱ्या डेव्हिडने आपल्या संगणकावर दुसऱ्याच नावाने राहायचे.

दिंडी दरवाजा

एक प्रश्न उरतो, आणि चौकस विद्यार्थी तो विचारणारच. पहिले खाते सामान्य असेल, तर नवा संगणक मांडण्याची कामे ते कशी करणार? त्यासाठी 'सूडू' ही आज्ञा आहे. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात लिहिली. कोणत्या खात्याने कोणते काम रूटच्या अधिकाराने करावे याची यादी असते. आज्ञेच्या आधी 'सूडू' लिहिले, की यादी पाहून तेवढे एकच काम त्या अधिकाराने होते. जुन्या वाड्यांना मोठा दरवाजा बंद ठेवून ये-जा करायला त्यातच एक लहान दिंडी दरवाजा असे, तशातला हा प्रकार. उबुंटूने २००४ सालच्या आपल्या पहिल्या आवृत्तीपासून रूटचा मोठा दरवाजा बंद ठेवून ही दिंडीच वापरायला लावली.

टेबलावरच्या संगणकावर सूडू आपला परवलीचा शब्द पुन्हा विचारते. साच्यातल्या पहिल्या खात्याला शब्दच नाही, मग ती विचारणार काय? म्हणून तेथे यादीत 'शब्द न विचारता सर्व कामे करू द्यावीत' अशी ओळ लिहिलेली असते. म्हणजे दिंडीला कडीच नाही. 'उबुंटू' खात्यात जो शिरला तो एका शब्दात रूट होऊ शकतो. मग रूट बंद करून साधले काय? हा आक्षेप जाणकारांनीही घेतला आहे आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. किल्ली चोरणाऱ्यापासून ही व्यवस्था कोणतेही संरक्षण देत नाही.

ती संरक्षण देते ते मुख्यतः आपले आपल्यापासून. रूट म्हणून काम करताना एक चुकीचे रिकामे अंतर टाइप झाले तरी सगळी डिस्क पुसली जाऊ शकते. साध्या खात्यात तीच चूक 'परवानगी नाही' एवढ्यावर निभावते. सूडू लिहिण्यासाठी हात क्षणभर थांबतो. दुसरे, दारे ठोठावणाऱ्या आज्ञावल्या सर्वांत जास्त वेळा 'रूट' हेच नाव लावतात. कोणी पुढे कधी निष्काळजीपणे परवलीच्या शब्दांना मुभा दिली, तरी त्या दारावर त्यांची डाळ शिजत नाही. एसएसएचची आज सर्वत्र वापरली जाणारी आवृत्ती, ओपन-एसएसएच, हिनेही ऑगस्ट २०१५ पासून रूटला परवलीच्या शब्दाने येऊ देणे मूळ व्यवस्थेतून काढून टाकले. तिसरे, सूडूची प्रत्येक आज्ञा कोणत्या खात्याने, केव्हा दिली याची नोंद होते.

पण पाच शिक्षक मिळून 'उबुंटू' हे एकच खाते वापरत असतील, तर ती नोंद काय सांगणार? हजेरीपुस्तकात पाचही जणांनी एकाच नावाने सही केल्यासारखे ते होते. दार कोणत्या किल्लीने उघडले याची एसएसएच नोंद ठेवते खरी, पण आत गेल्यावर कोणी काय पुसले हे मग ताडून काढावे लागते. त्यामुळे आमच्या मते पहिल्या रहिवाशाकडे घर लावून देणाऱ्या माणसासारखे पाहावे. त्याने आत जाऊन प्रत्येकाचे खाते त्याच्या नावाने उघडावे, ज्याचे त्याचे कुलूप लावावे, आणि संकेतस्थळाची आज्ञावली ज्या खात्यात चालायची त्याला सूडूच्या यादीत मुळीच घेऊ नये. ती आज्ञावली पहिल्याच खात्यात चालवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. तिच्यातले एखादे भोक परक्याच्या हाती लागले की वर सांगितलेली बिनकडीची दिंडी त्याच्या समोरच असते. हे सगळे झाले आणि नव्या खात्यांनी आत येता येते हे एकदा पडताळले, की पहिले खाते बंद करता येते. पडताळण्याआधी बंद करू नये, हे वेगळे सांगायला नको.

शाळेत लिनक्स असलेला एखादा संगणक किंवा रास्पबेरी पाय असेल, तर वर्गात एक गोष्ट सहज दाखवता येईल. 'इटीसी' या कप्प्यातली 'पासवड' नावाची फाईल उघडावी. ती वाचायला कोणतेही खास अधिकार लागत नाहीत. प्रत्येक ओळ एका खात्याची आहे. नाव, मग एक 'एक्स', मग क्रमांक. त्या 'एक्स'च्या जागी कधी काळी परवलीच्या शब्दाचे रूपांतर असे. सर्वांना ते वाचता येणे धोक्याचे ठरले म्हणून ते 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाईलीत हलवले, आणि ती सामान्य खात्यांना वाचता येत नाही. विद्यार्थ्यांना ओळी मोजायला सांगाव्यात. तीसचाळीस खाती निघतील आणि त्यांतल्या एकदोनच खात्यांमागे खरी माणसे असतील. ० क्रमांकाची ओळ किती वेळा आहे आणि १००० क्रमांकावर कोणाचे नाव आहे, तेही शोधायला लावावे.